आई “झोपली” असं मुलांना सांगू नका : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

यावेळी चारही पत्रं एकाच विषयावरची आहेत आणि हे मी ठरवून केलेलं नाही. मागच्या अंकात एका उत्तरात कॅन्सरने गेलेल्या एका तरुण आईचा नुसता ओझरता उल्लेख केला होता, तेवढ्यावरून पत्रांचा ढीग आला. त्यातली ही चार, सगळी ख्रिस्ती घरांबद्दलची. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं वेदनाशामक वॉर्डात नर्स होते आणि रविवारी चर्चला जाणारी आहे, तेव्हा जे बघितलंय आणि वाचलंय त्यातून सांगते. नावं, गावं सगळी काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, माझी बायको आठ महिन्यांपूर्वी गेली. वय ३६, ब्रेस्ट कॅन्सर. मुलगी ११ची, मुलगा ६चा. फ्युनरलच्या दिवशी सगळ्यांनी मुलाला सांगितलं आई प्रभूमध्ये झोपली आहे. आता तो रात्री झोपायलाच घाबरतो, आणि मला पण झोपू देत नाही, डोळा लागला की हलवून बघतो. मुलीचं उलट, आईचा विषय काढला की उठून जाते नाहीतर मोबाईल काढून बसते, कधी कधी राग येतो की हिला काही वाटतंच नाही का. बायकोचं कपाट तसंच आहे, तिचा फोन मी अजून चार्ज करून ठेवतो. ती फार विश्वासणारी बाई होती, दोन्ही मुलांच्या डोक्यावर हात ठेवून रोज प्रार्थना करायची, केमोच्या दिवशी पण चुकवलं नाही. मुलांच्या मनात ती राहावी एवढंच वाटतं. काय करू?

उत्तर : दादा, आधी मुलाचं बघू कारण ते आज रात्रीच करण्यासारखं आहे.

“झोपली” हा शब्द आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, इतका रुळलाय की आपल्याला तो शब्द आहे हेच लक्षात येत नाही, आपल्यासाठी त्यात पुनरुत्थानाची आशा असते, पण सहा वर्षांच्या पोरासाठी झोप म्हणजे झोप, रोज रात्री जी येते ती. आई झोपली आणि उठली नाही, मग बाबा झोपले तर? तो तुम्हाला हलवून बघतो तेव्हा हट्ट करत नसतो हो, तो तुम्ही जिवंत आहात की नाही ते तपासत असतो.

आणि हा घोळ तुमच्याच घरात झालाय असं नाही, खुद्द शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात झालाय. योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय काढून बघा. येशू शिष्यांना सांगतो आपला मित्र लाजर झोपला आहे, मी त्याला उठवायला जातो. शिष्य काय म्हणतात? झोपलाय ना, मग बरा होईल की! चांगली मोठी दाढीवाली माणसं, तीन वर्षं त्याच्याबरोबर फिरलेली, त्यांना कळलं नाही. मग येशू काय करतो, तर उपमा बाजूला ठेवून उघड सांगतो की लाजर मेला आहे. चौदावी ओवी. मला कुणी विचारलं की मुलांना मरणाबद्दल कसं सांगायचं तर मी ही चौदावी ओवी दाखवते, म्हणजे धार्मिक शब्द सोडून साधं बोलण्याला बायबलचीच परवानगी आहे.

तर त्याला सांगा, असंच, तुमच्या शब्दात : आई मेली. तिला कॅन्सर नावाचा मोठा आजार होता, डॉक्टरांनी खूप औषधं दिली पण आजार जास्त मोठा झाला आणि तिचं शरीर बंद पडलं. शरीर बंद पडलं म्हणजे तिला आता दुखत नाही, थंडी वाजत नाही, श्वास नाही. आई झोपली नव्हती, झोपणं वेगळं, झोपलेला माणूस सकाळी उठतो, बाबा पण उठतात आणि तू पण. मग तुमचा विश्वास सांगा, की आई देवाजवळ आहे आणि एक दिवस आपण भेटू, पण तो नंतर. आधी शरीराचं, मग स्वर्गाचं. उलट क्रमाने सांगितलं की मुलं विचारतात मग आपण तिकडे भेटायला कधी जायचं, आणि घरातल्या मोठ्यांच्या पोटात गोळा येतो.

अजून तीन गोष्टी सांगा, त्याने विचारल्या नाहीत तरी सांगा. एक, हे तुझ्यामुळे झालेलं नाही. या वयाची मुलं मनात जुळवून टाकतात की मी त्या दिवशी ओरडलो म्हणून आई आजारी पडली, आणि बोलत नाहीत. दोन, कॅन्सर हात लावल्याने होत नाही, तुला किंवा बाबांना तिच्याकडून लागलेला नाही. तीन, तुझ्याकडे बघायला मी आहे, आणि मला बरं नसेल तेव्हा अमुक आहे, आणि त्या अमुकचं नाव घ्या, मावशी असेल काका असेल. हे एकदा सांगून भागत नाही, तोच प्रश्न तो वीस वेळा विचारणार, आणि वीस वेळा तेच उत्तर द्यायचं, शब्दही शक्यतो तेच.

एक वाक्य मात्र घरातून हद्दपार करा. “आई वरून बघतेय हं!” प्रेमाने म्हटलेलं ठीक, पण दूध सांडलं, मार्क कमी पडले की जे म्हटलं जातं ना, त्याने आईचा पोलीस होतो.

आता मुलगी. दादा, तिला काही वाटत नाही असं अजिबात नाही. सी. एस. लुईस हा इंग्लंडमधला ख्रिस्ती लेखक, त्याची बायको जॉय १९६० साली कॅन्सरने गेली, ४५ वर्षांची होती, मागे तिच्या पहिल्या लग्नाची दोन मुलं, दोघं वयात येत असलेली. त्याने नंतर लिहून ठेवलंय की मी मुलांशी तिच्याबद्दल बोलायला गेलो की त्यांच्या चेहऱ्यावर एक अवघडलेपण येतं, जणू मी काही अशोभनीय बोलतोय, आणि त्यांना मी गप्प बसायला हवा असतो. एवढा मोठा विचारवंत, त्यालाही तुमच्यासारखंच वाटलं. पण त्यातल्या धाकट्याने मोठेपणी सांगितलं की आईचा विषय निघाला तर मला रडू आवरणार नाही याची मला भीती वाटायची, आणि रडणं म्हणजे लाज असं मनावर बिंबलेलं, न लाजता रडायला शिकायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली. तीस वर्षं! एका घरात दोघं एकाच बाईसाठी झुरत होते आणि दोघांना वाटत होतं समोरच्याला नको आहे.

म्हणून तिला समोरासमोर बसवून “चल आईबद्दल बोलू” असं करू नका, अकरा वर्षांच्या मुलीला ते मुलाखतीसारखं वाटतं. गाडीत, कपडे वाळत घालताना, जिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही तिथे एखादं वाक्य टाकून द्या आणि उत्तराची वाट बघू नका. “हे गाणं लागलं की तुझी आई हमखास चुकीच्या सुरात म्हणायची.” बस, एवढंच. आणि तुम्ही स्वतः तिच्यासमोर एकदा रडा. बाबा रडतात आणि रडून झालं की उठून पाणी पितात, भांडी घासतात, हे तिला दिसू दे. मुलांचं दुःख असंही डबक्यांसारखं असतं, धावता धावता एका डबक्यात पाय पडतो, भिजतात, रडतात, बाहेर येतात आणि पाच मिनिटात खेळायला जातात, मोठ्यांसारखं नदीत उभं राहणं त्यांना झेपत नाही.

फोनबद्दल. नुसता चार्ज करून ठेवलाय तर कृपा करून या आठवड्यात बॅकअप घ्या, आणि एका नव्हे दोन ठिकाणी. व्हॉट्सॲपचं अकाउंट साधारण १२० दिवस वापरात नसलं की काढून टाकलं जातं, गुगलचं अकाउंट दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर पुसलं जाऊ शकतं आणि त्यासोबत फोटो, मेल सगळं. सिमचा रिचार्ज संपला की नंबर काही काळाने दुसऱ्याला जातो. एक बाप माझ्याकडे आला होता, बायकोच्या नंबरवर मेसेज पाठवायचा रोज रात्री, एक दिवस तिकडून उत्तर आलं “कोण?”, त्या माणसाची अवस्था मी विसरत नाही. तिच्या व्हॉइस नोट्स आधी काढा, फोटो सगळ्यांकडे असतात, आवाज कुणाकडे नसतो. “येताना पेन घेऊन ये” अशी साधी नोट असली तरी ती ठेवा, उलट तशीच ठेवा, कारण घरातली आई तशीच बोलते.

कपाटाची घाई नाही. ज्यांना घाई आहे त्यांना आपलं कपाट आवरायला सांगा. पण जेव्हा कराल तेव्हा मुलांना विचारल्याशिवाय एक रुमाल पण देऊन टाकू नका. दोघांना हवं ते प्रत्येकी निवडू दे, तुम्हाला ते फालतू वाटलं तरी. एखादा न धुतलेला कपडा हवाबंद पिशवीत ठेवा, वास बराच काळ राहतो.

आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, ती आता तुम्ही करा. तुम्हाला तिच्यासारखी येणार नाही, अडखळाल, मुलगी तोंड फिरवेल. हात ठेवा तरी.

प्रश्न : माझी मोठी ताई दीड वर्षापूर्वी गेली, दोन लहान मुलं मागे ठेवून. मला तिच्या जाण्यापेक्षा लोकांच्या बोलण्याचा त्रास जास्त होतोय हे लिहायला पण लाज वाटते. चर्चमधली एक बाई म्हणाली विश्वास कमी पडला, केमो घेतला म्हणजे देवावर पूर्ण भरवसा नव्हता. दुसरी म्हणते देवाला बागेतलं सगळ्यात सुंदर फूल हवं होतं. मी रडले तर म्हणतात बायबलमधल्या पत्रांत पौलाने सांगितलंय शोक करू नका. एकीने रोममधल्या एका तरुण आईचा फोटो पाठवला, डोळ्यावर पट्टी आणि हसरा चेहरा, आणि लिहिलं की खरी विश्वासणारी अशी मरते. माझी ताई शेवटच्या महिन्यात हसत नव्हती हो. ओरडायची, मुलांवर चिडायची, एकदा म्हणाली मला प्रार्थना नको कुणी करू. मला तिला चांगल्या रीतीने आठवायचंय पण तो महिनाच डोळ्यासमोर येतो.

उत्तर : लाज कसली त्यात. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठव, त्याच्यावर संकटांवर संकटं आली तेव्हा सात दिवस सात रात्री गप्प बसून राहिले त्याच्याजवळ जमिनीवर, तोवर सगळं छान होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं. आणि पुस्तकाच्या शेवटी देव कोणावर रागावतो? तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू घेऊन भाषणं देणाऱ्या मित्रांवर. हे मी सांगत नाही, ४२वा अध्याय.

एकेक घेऊ. केमो घेतला म्हणजे विश्वास नाही असं म्हणणाऱ्या बाईंना चष्मा आहे का बघ, तोही डॉक्टरांनीच दिलेला असतो. (सॉरी, पण मला याचा खरंच संताप येतो, कारण हे ऐकून उपचार सोडून आलेल्या बायका मी वॉर्डात बघितल्यात, आणि परत यायच्या तेव्हा हातात काही राहिलेलं नसायचं.) पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. पौलाने स्वतःच्या शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, काढला गेला नाही. आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेतात आजारी सोडून पुढे गेला, दुसऱ्या सोबत्याला, तीमथ्याला, वारंवार दुखणी असायची. या सगळ्यांचा विश्वास कमी होता का? जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं याने पाप केलं की याच्या आईबापाने, येशू म्हणाला याने नाही आणि त्यांनीही नाही. इतकं स्पष्ट असताना दोन हजार वर्षांनी पण आपण तोच प्रश्न विचारतोय.

शोक करू नका असं पौलाने म्हटलेलं नाही. थेस्सलनीकरांना लिहिलेल्या त्याच्या पहिल्या पत्राच्या ४थ्या अध्यायात वाक्य आहे की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. अर्धं वाक्य तोडून दुसऱ्याच्या तोंडावर फेकायची आपल्याला वाईट सवय आहे. लाजराला आता मेलेल्यातून उठवणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, मग तुला कोण अडवतंय.

फुलाचं मात्र मी वेगळं सांगते, ती बाई दुष्ट नाही, तिला काहीतरी बोलायचं होतं आणि सुचलं ते बोलली. फक्त भाच्यांसमोर कुणाला ते म्हणू देऊ नकोस. देवाला आवडलं म्हणून आईला तोडून नेलं असं ऐकून मूल देवापासून लपायला लागतं.

आता ती रोमची आई. चियारा कोर्बेल्ला पेत्रिल्लो. २०१२ साली गेली, फक्त २८ वर्षांची, जिभेचा कॅन्सर, पोटात बाळ होतं म्हणून तिने पुढचे उपचार बाळ जन्मेपर्यंत लांबवले, २०१८ मध्ये रोममध्ये तिला संत ठरवण्याची प्रक्रिया सुरू झाली. मला तिच्याबद्दल आदर आहे. पण तिचा फोटो ही मोजपट्टी नाही, आणि फोटो हा एका क्षणाचा असतो, कुठल्याही पेशंटच्या चोवीस तासांतला कुठला क्षण कॅमेऱ्यात येतो ते आपण सगळे जाणतो. तिची गोष्ट तिची, तुझ्या ताईची ताईची.

आणि तो शेवटचा महिना. इथे मी नर्स म्हणून बोलते, नीट ऐक. त्या काळात बऱ्याच पेशंटना डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड चालू असतात, त्याने माणूस चिडचिडा होतो, रात्र रात्र झोप लागत नाही. आजार मेंदूत गेला असेल तर स्वभावच बदलल्यासारखा वाटतो. शेवटच्या दिवसांत डिलिरियम म्हणजे भ्रम होणं तर इतकं कॉमन आहे की आम्ही नातेवाईकांना आधीच सांगून ठेवायचो, माणूस ओळखत नाही, शिव्या देतो, नळ्या ओढतो, आयुष्यात वावगा शब्द न काढलेली माणसं. तुझ्या ताईला यातलं काय होतं मला माहीत नाही, पण तिच्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना जाऊन विचारता येतं, दीड वर्षाने पण येतं, फाईल असते. बऱ्याच जणांचं त्या एका भेटीने ओझं उतरतं.

आणि समजा औषधं नव्हती, भ्रम नव्हता, ती शुद्धीत चिडली होती. मग? दोन लहान मुलं टाकून जायची वेळ आलेली बाई चिडणार नाही तर कोण चिडणार. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू म्हणाला हा प्याला माझ्यापासून दूर कर. स्तोत्र ८८ उघड, बाकीची बहुतेक रडणारी स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, देवाची स्तुती येते, याचा शेवट अंधारातच होतो, आणि ते तसंच्या तसं बायबलमध्ये ठेवलंय, कुणी त्याला छानसा शेवट लावला नाही. मला प्रार्थना नको करू म्हणाली ना ती, मग तू तिच्यासाठी हे ८८ वाच कधीतरी, तिची प्रार्थना तिथे आधीच लिहिलेली आहे.

त्या महिन्याला पुसायचा प्रयत्न करू नकोस, जाणार नाही. त्याच्या आधीचे महिने मोज. ताई किती वर्षांची होती? तितकी वर्षं गुणिले बारा, त्यातला एक. एक वही घे आणि बाकीच्यातलं जे सुचेल ते लिही, क्रम नको, सुंदर भाषा नको, तिने तुझी वेणी कशी घट्ट घालून डोकं दुखवलं ते पण. भाचे मोठे होतील तेव्हा त्यांना हीच वही लागणार आहे.

प्रश्न : माझी ऑफिसमधली जवळची मैत्रीण गेली, ती ख्रिश्चन, मी नाही. पहिल्या वर्षाच्या स्मरण प्रार्थनेत तिच्या नवऱ्याने मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. बायबल मला येत नाही. आत्म्यास शांती लाभो म्हटलेलं चालतं का? चुकून काही भलतंच बोलले तर?

उत्तर : तुला बायबल येत नाही हे त्यांना माहीत आहे आणि तरी तुला बोलावलंय, म्हणजे बायबल सांगायला बोलावलेलं नाही. ते काम पाळक किंवा फादर करतील, जोरात करतील. तुझ्याकडे जे आहे ते तिथे कुणाकडेच नाही, ते म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहाची ती. मुलांनी आईला ऑफिसमध्ये कधी बघितलेलंच नसतं.

आत्म्याला शांती वगैरे : कॅथलिक लोक मृतांसाठी प्रार्थना करतात, २ नोव्हेंबरचा तर दिवसच त्यासाठी आहे, पण बरीच प्रोटेस्टंट मंडळी मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, ते तिच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. तिचं घर कुठल्या प्रकारचं ते नवऱ्याला सरळ विचार, वाईट वाटणार नाही. नाहीतर “मला तिची आठवण येते” म्हण आणि खाली ये, यात कुणाचीच श्रद्धा आड येत नाही.

एक गोष्ट सांगते, तुला आवडेल. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात यापो गावच्या टबीथाची गोष्ट आहे, शिवणकाम करणारी, गरिबांना मदत करणारी बाई. ती मेली तेव्हा येशूच्या शिष्याला, पेत्राला, बोलावलं, तो माडीवर आला, आणि तिथे जमलेल्या विधवांनी काय केलं, तर रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवले. बघा हा तिने केला, हा पण. टबीथा थोर होती, प्रेमळ होती वगैरे भाषण त्या बायकांनी केल्याचं तिथे नाही, कपडे दाखवले. तू पण तेच कर. ती मुलांच्या शाळेतून फोन आला की मीटिंग अर्धी सोडून कशी उठायची, डेस्कवर काय चिकटवलं होतं, केमो चालू असताना विग घालून आली आणि तुला काय जोक मारला. दोन प्रसंग पुरे. विनोदी असेल तर तो पण सांग, चर्चमध्ये हसलेलं चालतं.

लिहून ने, पाठ करू नकोस. पाच मिनिटांना पाचेकशे शब्द होतात पण आवाज भरून येतो, तेव्हा चारशेच लिही. एक कॉपी तिच्या नवऱ्याकडे नको, दुसऱ्या कुणाकडे तरी दे, तुला नाही जमलं तर तो पुढचं वाचेल. बिचारी मुलं हा शब्द नको, ती समोरच बसलेली असतील. भाषण झालं की तो कागद त्यांना देऊन टाक.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, ब्रेस्ट कॅन्सर, ती ३३ची होती. मला तिचं फक्त एक आठवतं, ओल्या केसांचं पाणी माझ्या हातावर पडतंय, आणि ते तरी खरं का फोटोत बघितलंय माहीत नाही. सगळे म्हणतात तुझी आई देवदूत होती, इतकी सोशिक, इतकी प्रार्थनाशील, आणि मग माझ्याकडे बघतात. मी तशी नाहीये. मला कधी कधी तिचा राग येतो आणि मग गिल्टी वाटतं. मला पण होईल का कॅन्सर हे घरात विचारलं तर बाबा विषय बदलतात. माझ्याकडे तिचं बायबल आहे, त्यात स्तोत्र १३ च्या शेजारी पेन्सिलने एक तारीख आहे आणि “कुठवर” खाली दोन रेघा. कुणालाच माहीत नाही ती तारीख कसली. मी तेव्हा तीन वर्षांची असणार.

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी आठवणीचं. तीन साडेतीन वर्षांच्या आधीचं सहसा कुणालाच आठवत नाही आणि पाचव्या वर्षापर्यंतचं तुकड्यातुकड्यात, तू तिला विसरलीस असं नाही, त्या वयाचा मेंदू तेवढंच ठेवतो. फोटोत पाणी थंड लागत नाही गं. तुझ्या आठवणीत हातावर ते पडतंय, म्हणजे मला तरी ती तुझीच वाटते. ठेव ती.

देवदूत. आपल्या विश्वासाप्रमाणे माणसं मेल्यावर देवदूत होत नाहीत, हे तुला रविवार शाळेतल्या कुठल्याही बाई सांगतील, पण तो मुद्दा बाजूला. देवदूत म्हटलं की तुला तिच्यासारखं होता येत नाही, तिच्याशी भांडता येत नाही आणि तिच्यावर रागावता तर मुळीच येत नाही. लोकांना तुझ्यासमोर चांगलंच बोलायचं असतं म्हणून ते घासून घासून तिला इतकी गुळगुळीत करतात की हाताला काही लागत नाही. तेव्हा तू प्रश्न बदल. “आई कशी होती” विचारू नकोस, त्याला देवदूत हेच उत्तर येतं. विचार, तिला राग कशाचा यायचा? बाबांशी भांडण झालं की कोण आधी बोलायचं? चर्चमधलं कोण तिला आवडायचं नाही? खोटं बोलताना पकडली गेली का कधी? माझ्या वयाची असताना नापास झाली होती का? मावशी, तिची कॉलेजची मैत्रीण, जुनी शेजारीण, एकेकटीला गाठ आणि फोनवर रेकॉर्डिंग लाव त्यांना सांगून. सगळे एकत्र बसले की पुन्हा देवदूत सुरू होतं.

राग येऊ दे. लाजराच्या दोघी बहिणी येशूला वेगवेगळ्या भेटल्या आणि दोघींनी तेच वाक्य म्हटलं, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तो रागावला नाही एकीवरही. तू तर आईवर रागावतेस, ते आणखी साधं आहे, जी मुलगी आईवर रागावते तिचं आईशी नातं चालू असतं.

आता कॅन्सर. बाबांना भीती वाटते म्हणून ते विषय बदलतात, पण तुझा प्रश्न अगदी योग्य आहे. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक जनुकीय दोषामुळे होतात, म्हणजे बहुतेक वेळा तो आईकडून मुलीकडे असा येत नाही. पण इतक्या लहान वयात, ३३ला झाला असेल, तर तपासून घ्यायला सांगतात. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही त्यातली सगळ्यात माहितीतली जनुकं, १९९४ आणि १९९५ साली सापडली. आईला दोष असेल तर तुझ्यात येण्याची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी, आणि तो मुलग्यांमध्ये पण येतो, वडिलांच्या बाजूनेही येऊ शकतो. दोष असला म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही, पण धोका बराच वाढतो, म्हणून अशा मुलींना साधारण पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय सुचवतात. १८च्या आत ही टेस्ट सहसा करत नाहीत, तू १९ची आहेस तेव्हा जेनेटिक काउन्सेलरकडे, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्याकडे जाता येईल. एकदम रक्त देऊन येऊ नकोस, आधी काउन्सेलर. कारण आईची टेस्ट झालेली नसेल तर तुझी निगेटिव्ह आली तरी पूर्ण उत्तर मिळतंच असं नाही, तो फरक तुला कुणीतरी समोर बसून समजावायला हवा. जाताना मावशी, मामा, आजी, कुणाला कुठला कॅन्सर कितव्या वर्षी झाला ते लिहून ने, आणि आईची बायोप्सीची रिपोर्ट. हॉस्पिटलं जुने कागद कायम ठेवत नाहीत, म्हणून घरात फाईल आहे का ते आधी शोध. असणार. बाबा लोक त्या फाईली टाकत नाहीत, माळ्यावर नाहीतर कपाटाच्या वरच्या खणात ठेवतात आणि बघत नाहीत.

बाबांना म्हण, मला ती फाईल काउन्सेलरसाठी हवीय. याने त्यांनाही बोलायला एक कारण मिळेल, रडायला नव्हे, कागद शोधायला. पुरुषांना कागद शोधता शोधता बोलता येतं.

आणि फाईल मिळाली की तुझं ते बायबल घेऊन बस. स्तोत्र १३ सहाच ओव्यांचं आहे आणि पहिल्या दोन ओव्यांतच “कुठवर” चार वेळा येतं, कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार. तिने त्याखाली दोन रेघा मारल्या, म्हणजे ही सोशिक देवदूत बाई देवाला जाब विचारत होती, तेही तारीख घालून. आता त्या फाईलमधल्या तारखा आणि ही तारीख शेजारी शेजारी ठेव. बायोप्सीची असेल, ऑपरेशनची असेल, पहिल्या केमोची असेल. कदाचित कशाशीच जुळणार नाही, त्या दिवशी तुला ताप आला असेल आणि तिला तुला उचलून घेता येत नसेल.

पेन्सिल पुसट होत जाते, तेवढं आधी त्या पानाचा फोटो काढून ठेव.